कोरड्या बोटांचं वाचन

सोलापूरचं जेवण मुळात कोरडं, आणि वाचणाऱ्या माणसाला यापरतं सुख नाही. कोल्हापूरकर रश्श्याची वाटी तोंडाला लावतात, कोकणात आमटी-भात कालवल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. दोन्हीकडच्या चवींवर माझा जीव आहे, पण त्या जेवणात पुस्तकाला जागा नाही. आमच्याकडे ताटात ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि असलं तर घट्ट दही. उजवा हात ताटात, डावा पानावर. लहानपणापासून मी अशीच जेवत आलेय आणि अशीच वाचत आलेय.

हा कोरडेपणा कुणी हौसेनं आणलेला नाही. आमच्या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही भरवशाचा नाही. काळ्या जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची आणि मुरलेल्या ओलीवर ती फेब्रुवारीपर्यंत उभी करायची, ही इथल्या रब्बीची रीत. सगळ्या महाराष्ट्रात नावाजलेलं मालदांडी ३५-१ हे वाण आमच्याच मोहोळच्या शेतावर निवडून काढलेलं. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. जिथं पाणी जपून वापरायचं आणि पुढच्या हंगामाची खात्री नाही, तिथली बाई टिकणारं अन्न करून ठेवते. कडक भाकरी, चटणी, शेंगापोळी, सगळं डब्यात राहणारं. त्या टिकाऊपणातून माझ्यासारख्यांना वाचायला मोकळा हात मिळाला, हा मी माझ्यापुरता या मातीचा उपकार समजते.

कडक भाकरीचं काम रोजच्या भाकरीपेक्षा निराळं. गरम पाण्यात पीठ मळून ती अगदी पातळ थापायची, तव्यावर दोन्ही अंगांनी भाजायची आणि लगेच न वाढता मंद आचेवर उरलंसुरलं पाणी निघून जाईपर्यंत ठेवायची. आमची आई चुलीच्या बाजूला, भिंतीला टेकवून एकेक भाकरी उभी करायची. दुसऱ्या दिवशी हातात घेतली तर वजनच लागायचं नाही. अशी भाकरी महिना-दोन महिने सहज राहते. पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांच्या बॅगेत तिची चवड असतेच, आणि आता बचत गटाच्या बायका पाकिटं करून विकतात तीही चांगली असतात. पण ती वाचताना खायची एक पद्धत आहे. पुस्तक उघडायच्या आधी सगळ्या भाकरीचे तुकडे करून घ्यायचे. गोष्ट ऐन रंगात असताना भाकरी मोडायला गेलं की कट् असा आवाज होतो, चुरा पानांच्या शिवणीत शिरतो आणि मग पुस्तक उलटं धरून झटकत बसावं लागतं. तुकडे आधीच केले की डोळे न उचलता हात बरोबर ताटात जातो.

चटणीचं मात्र जपायला लागतं. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. मिक्सरचं पातं दाणे नुसते कापतं, त्यामुळे तिथं होतो तो कूट. उखळात भाजलेले दाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट एकत्र कांडलं की दाणा चेंगरून आतलं तेल बाहेर येतं आणि चटणी मुठीत दाबली तर गोळा होते. तिला सोलापुरी चटणी म्हणायचं. बाकीच्यांनी आपापल्या चटणीला दुसरं नाव द्यावं, असं माझं ठाम मत आहे. तर हे तेल बोटाला लागतं, आणि बोटाचं पानाला. वाचनालयातून आणलेल्या जुन्या रहस्यकथांच्या पानांवर मला खालच्या कोपऱ्यात केशरी ठसे सापडायचे, पान उलटणाऱ्या अंगठ्याचे. सुरुवातीला एखादा, मधे नाहीच, आणि खुनाचा उलगडा व्हायच्या अलीकडच्या पाच-सहा पानांवर ओळीनं. तिथं त्या माणसाला हात पुसायचंही भान राहिलेलं नव्हतं. कुणाचा अंगठा ते कधी कळायचं नाही. साखर पेठेतला असेल, नाहीतर बाळीवेशीतला. पण गावात आपल्यासारखा दुसरा कुणीतरी आहे, याचा आनंद मला त्या ठशांनी फार दिला. वाचनालयाच्या पुस्तकाला मी स्वतः चमच्यानं चटणी खाते. ठसे उठवायचे ते आपल्या मालकीच्या पुस्तकावर.

"जेवताना अन्नाकडं बघावं," असं आईचं म्हणणं. अप्पा गिरणीत होते. पाळी सुटून घरी आले की हातपाय धुऊन ताटावर बसायचे आणि मांडीशेजारी पुस्तक उघडून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवायचे, पान मिटू नये म्हणून. आई बोलली की म्हणायचे, "बघूलालोय की. एक डोळा ताटात, एक पुस्तकात." आठ तास साच्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे कामाचे असतात. तुटलेला धागा दिसला पाहिजे, लगेच जोडला पाहिजे. त्यामुळे जेवणाच्या त्या अर्ध्या तासात एक हात रिकामा मिळणं ही त्यांच्या दिवसातली मोठी कमाई होती. हे मला पुष्कळ उशिरा, मी स्वतः नोकरी करायला लागल्यावर उमगलं. आईला ते तेव्हाच उमगलं असावं, कारण बोलायची ती रोज, पण पुस्तक तिनं कधी उचललं नाही.

आज्जीचं वाचन नेमकं उलट्या शिस्तीचं. तिथं खाणं आधी नाही, मधेही नाही. श्रावणातल्या सोमवारी संध्याकाळी ती शिवलीलामृत वाचायची. ते रचणारे श्रीधरस्वामी आमच्याच जिल्ह्यातले, सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे, पुढं पंढरपुरी राहिलेले. आज्जी त्यांच्याबद्दल ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची. अध्याय संपेपर्यंत सोमवार सुटायचा नाही, आणि स्वयंपाकघरातून हुग्गीचा वास येत असायचा. हुग्गी म्हणजे कांडून साल काढलेल्या गव्हाची, गूळ घालून शिजवलेली खीर. वेलदोडा, खसखस, खोबरं, वरून दूध-तूप. आमच्याकडे ही लिंगायत घरांमधून आली आणि मग सगळ्यांचीच झाली. आम्ही पोरं भुकेनं चुळबुळत ओव्या मोजायचो. अकरावा अध्याय आज्जीच्या विशेष आवडीचा, तो ती सावकाश, चवीनं वाचायची. आज मला ओवीची चाल कानानं ओळखता येते, पुढच्या ओळीचं यमक कुठं पडणार ते आधीच जाणवतं, ते त्या भुकेमुळे. चौथा चरण आखूड असतो, तो आला की एक ओवी संपली आणि हुग्गी एका ओवीनं जवळ आली. छंदाचं शिक्षण यापेक्षा पक्कं कुणी दिलं नसतं.

कॉलेजात गेल्यावर हिराचंद नेमचंद वाचनालयाचं कार्ड हातात आलं आणि खाण्या-वाचण्याचं वेळापत्रकच बदललं. वाचनालयाचं खरं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर वाचतो आहे, आणि या जोडीत मला फार शहाणपण दिसतं. चकली, शंकरपाळी, कडबोळी हे सगळे एका बोटाचिमटीत मावणारे, कोरडे, बशीत तासभर पडले तरी न बिघडणारे पदार्थ. अंकातला मजकूरही तसाच, एक कथा, दोन कविता, मधेच एक लांबलचक लेख. चिवड्याला मात्र अंक वर्ज्य. मूठ भरून तोंडात टाकताना अर्धा पानांत सांडतो, आणि पुढचा वाचक शेव झटकत बसतो.

आमचं गाव गिरण्यांचं, चादरींचं म्हणून ओळखलं जातं. वाचणारं गाव म्हणून फारसं कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. १९४१ साली इथं साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष वि. स. खांडेकर होते. मग २००६ साली पुन्हा भरलं तेव्हा अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली. जन्म इथलाच, १९३२ सालचा. घरची भाषा तेलुगू, आयुष्य गेलं वनखात्यात, आणि लिहिलं मराठीत, झाडं-पाखरांबद्दल. अखेरीस परत सोलापूरलाच येऊन राहिले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथंच गेले. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीच्या तोंडाशी कन्नड-दखनी ऐकत वाढलेलं पोर पुढं एवढं लिहितं, यात आम्हाला नवल वाटत नाही. इथं प्रत्येकाच्या कानात तीन-चार भाषा असतातच. डोळ्यांना मात्र सहसा एकच लिपी येते. माझंही तसंच. कन्नड मी बोलते, तेलुगू समजते, दोन्ही भाषांतली स्वयंपाकघरं मला आतून माहीत आहेत, पण पन्नाशी उलटेपर्यंत त्यांतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

हिवाळा हा आमचा सगळ्यात श्रीमंत काळ. उन्हाळ्याबद्दल मी फार लिहीत नाही. पारा चव्वेचाळिसाला टेकला की दार लावून, फरशीवर पाणी शिंपडून, ज्वारीच्या आंबिलीचा पेला शेजारी ठेवून जे जमेल ते वाचायचं. पावसाळ्यात चुरमुऱ्यांचा सुशीला. तो गरम खाल्ला तरच खरा, म्हणून पुस्तक पाच मिनिटं पालथं ठेवायचं. पण मार्गशीर्ष लागला, वेळा अमावस्येला शेतात जाऊन भज्जी आणि उंडे खाऊन झाले, की मग हुरड्याचे वेध.

हुरड्याला मी पुस्तक नेत नाही. नेऊन उपयोगच नसतो. ज्वारीचा दाणा दुधातून नुकताच भरत आलेला, अजून हिरवा असतो तेव्हा कणसं कापायची. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली असते, त्या निखाऱ्यात कणीस खोचायचं आणि बाहेर काढलं की हात पोळत असतानाच तळव्यावर चोळायचं. कोवळे दाणे सुटतात, फुंकरीनं तूस उडतं आणि मूठभर गरम हुरडा पुढच्याच्या हातावर पडतो. बरोबर शेंगांची चटणी, गूळ, दही. सुरती हुरडा मऊ आणि गोड. गुळभेंडीही अनेकांना आवडते, पण मी सुरतीची. आगटीभोवती बसलेल्या प्रत्येकाचे दोन्ही हात काळे, कुणाच्या खिशातला फोनसुद्धा बाहेर निघत नाही. अशा वेळी पाठ असलेलंच कामाला येतं. आमच्या शेजारच्या शेतावरचे एक आजोबा कणसं चोळता चोळता रामजोशींच्या लावण्या म्हणायचे. रामजोशी अठराव्या शतकातले, सोलापूरचेच. शब्दांची ती आतषबाजी छापील पानावर वाचताना मी अडखळले होते, खालच्या टिपा बघाव्या लागल्या होत्या. त्या शेतात, चोळायच्या हातांच्या लयीवर ऐकल्यावर सगळं सरळ कळलं. हात गुंतलेले असले की कान किती चांगलं वाचतात, हे मला तिथं समजलं.

मग येतो गड्डा. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, ज्यांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली आणि कन्नडमध्ये वचनं रचली. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा असतो, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न. घराघरांत सकाळी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, लोणी असं झालेलं असतं, आणि दुपारी पांढऱ्या बाराबंदीतले लोक उंच नंदीध्वज सांभाळत येतात. माणसांनी तळ्याचा काठ भरून जातो. मग संमती, म्हणजे त्या लग्नाची मंगलवचनं, वाचल्या जातात, कन्नडमध्ये. समोर मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे लाखभर लोक, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' आलं की सगळ्या मुठी एकदम उघडतात. यातल्या बहुतेकांना ते वाचता येणार नाही. पण कुठं थांबायचं आणि कुठं अक्षता टाकायच्या हे सगळ्यांना अचूक ठाऊक. माझ्या माहितीतलं सगळ्यात मोठं सामूहिक वाचन हेच. एक जण वाचतो आणि एक गाव मूठ भरून ऐकतं.

त्या संमतीमुळेच मी कन्नड अक्षरं शिकायला घेतली. आमच्या ओळखीच्या एका लिंगायत घरात कन्नड दिनदर्शिका असते, तीवरच्या वारांपासून सुरुवात केली. सोमवार-मंगळवार तसेही अर्थानं माहीत होते, त्यामुळे अक्षर चुकलं तरी शब्द सापडायचा. आता दुकानांच्या पाट्या वाचते, सिद्धरामेश्वरांची लहान वचनं बोट ठेवून, दोन-दोन अक्षरं जोडत वाचते. शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुना' ही त्यांची नाममुद्रा आली की धीर येतो, तेवढं एका दमात वाचता येतं. इतक्या हळू वाचताना खायचं मात्र सुचत नाही. बहुधा सहा वर्षांच्या मुलालाही पहिलं पुस्तक वाचताना खाऊ आठवत नसेल.

तेलुगू मला शेजारच्या अक्कांकडून शिकायची होती. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या त्या. माणसं मूळची तेलंगणातली, मागावर पोट भरायला इथं आलेली. अक्कांनी उभं आयुष्य घरी बसून विड्या वळल्या. सुपात तंबाखू, मांडीवर पानं, एका हातात कातर. शाळा चौथीपर्यंत, तीही तेलुगू. मराठी उत्तम बोलतात, पण वाचत नाहीत. संक्रांतीच्या आधी त्या सकिनालु करतात. तांदळाचं ओलसर पीठ, त्यात तीळ आणि ओवा. पांढऱ्या कापडावर अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये पीठ पीळ देत देत सोडायचं आणि एकाबाहेर एक अशी वेटोळी जोडत न्यायची. साचा नाही, काही नाही. त्यांची बोटं इतकी सवयीची की पीळ कुठंच जाड-बारीक होत नाही. तेलुगू अक्षरांसारखीच गोल ती वेटोळी, पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडलेली. मी पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा विचारलं, "अक्का, मला तुमची लिपी शिकवाल का?"

"शिकवते की," म्हणाल्या, "पण माझं काय?"

मला कळेना. तर त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडं हनुवटी केली. "मला कवापासनं बघायचंय त्यात काय लिवलंय. तू जेवताना वाचतीस, उन्हाला बसून वाचतीस, एकटीच हसतीस. माझं हात कवा रिकामं हुते? तंबाखूच्या हातानं पुस्तक धरायचं का?"

तेव्हापासून आमचं ठरलंय. विड्यांचं काम त्यांनी आता सोडलंय, पण हात थांबलेले नाहीत. त्या पीठ वळतात, शेंगा फोडतात, अंबाडी निवडतात, आणि मी मराठी कथा मोठ्यानं वाचते. मोठ्यानं वाचायला लागल्यावर मला स्वतःला कितीतरी गोष्टी नव्यानं कळल्या. लांब वाक्यात श्वास कुठं घ्यावा हे चांगल्या लेखकानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. वर्णन पोकळ असेल तर अक्का लगेच "हं, फुडं" म्हणतात. संवाद खरे असले की त्यांचे हात मंदावतात, आणि एखादी सासू फारच बोलायला लागली की त्या पीठ बाजूला ठेवून तिला उत्तर देतात, आधी मराठीत आणि मग राग वाढला की तेलुगूत. मासिकांमधल्या परीक्षणांपेक्षा मी आता त्यांच्या हातांवर जास्त विश्वास ठेवते.

यंदाचे दिवाळी अंक मी त्या हिशेबानंच निवडणार आहे. माझ्यापुरते दोन, वैचारिक, ते भाकरीबरोबर. कथांचे तीन-चार अक्कांसाठी, कारण एका अंकातल्या निम्म्या कथा त्या नापास करतात. कडक भाकऱ्या मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या सांगून ठेवल्यात. चटणी उखळातलीच, शेर-दोन शेर. तेलुगू अक्षरांची पाटी गिरवून झालीय, जोडाक्षरं व्हायची आहेत. अक्का म्हणतात ती संक्रांतीपर्यंत येतील, पण अट घातलीय त्यांनी. मागच्या खेपेला अर्धवट राहिलेल्या कथेतली ती बाई माहेरी परत गेली की नाही, ते आधी वाचून दाखवायचं, मगच पुढचं अक्षर.